किक मारण्याआधी

गाडी सुरू होत नाहीये. रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय, वेळेवर पोचायचं आहे, आणि बटण दाबूनही इंजिन धरत नाही. अंगठा मात्र बटणावरून निघत नाही. पुन्हा दाबतो, आणखी जोरात दाबतो, मग पाय किकवर जातो.

आपलं मनन इथूनच सुरू करू. अंगठा उचला. किल्ली बंद करा. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मिनिटभर तिच्या शेजारी नुसते उभे राहा. खांदे वर चढले असतील, ते खाली येऊ द्या. उशीर होणारच असेल तर ऑफिसात फोन आत्ता करून टाका, म्हणजे मन इथे राहील.

हे मिनिट वाया जात नाही. सेल्फची मोटर बॅटरीतून जेवढा करंट ओढते तेवढा गाडीतलं दुसरं काहीच ओढत नाही, आणि आपल्या रोजच्या दुचाकीची बॅटरी असते जेमतेम तीन ते पाच अँपिअर-अवरची. सलग बटण दाबून धरलं की बॅटरी उतरते, मोटर तापते, आणि कार्बोरेटरची गाडी असेल तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये साचून प्लग भिजतो. सकाळी दोष एकच होता, दहा मिनिटांत त्याचे तीन झाले. सेल्फ मारायचाच तर चार-पाच सेकंद, आणि नंतर त्याहून जास्त वेळ विश्रांती. घाईच्या क्षणी हे पाळणं फार कठीण असतं, म्हणून तर आधी उभं राहायचं.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. शेवटची ही गाडी व्यवस्थित चालली तेव्हापासून आत्तापर्यंत काय बदललं? घाईने उत्तर देऊ नका. काल रात्री आपण गाडी कशी लावली, हे सावकाश आठवा. लावताना इंजिन नीट चालत होतं का? शेवटच्या चढावर मिसिंग करत होतं का? मध्ये आठवडाभर गाडी उभीच होती का? काल धुतली का, आणि धुताना फवारा इंजिनवर मारला का? नवा सायरन, नवा हॉर्न, मोबाइलचं चार्जर असं काही वायरिंगला जोडलं का? पेट्रोल शेवटी कधी टाकलं? चांगला फिटर पाना हातात घेण्याआधी हेच विचारतो. "शेवटी कधी चालवली होती दादा?" आपल्याला वाटतं, हा गप्पा मारतोय. तो अर्धं निदान करत असतो.

आणि गाडी रुसली, असं म्हणणं आजच्या सकाळपुरतं सोडून द्या. रुसलेल्याची समजूत काढावी लागते, आणि या इंजिनाला समजुतीची गरज नाही. त्याला काय हवं असतं ते ठरलेलं आहे आणि फार थोडं आहे.

ते डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडे घरोघरी दिसणारी गाडी घेऊ, स्प्लेंडर. १९९४ साली ती बाजारात आली तेव्हा तिचं इंजिन ९७.२ सीसीचं होतं आणि आजही आहे. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. एवढ्याशा जागेत पिस्टन खाली येतो, हवा आणि पेट्रोलची वाफ आत घेतो, वर जाताना ती नऊ-दहा पट दाबतो, आणि तो वर पोचता पोचता प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. मग स्फोट, पिस्टन खाली, धूर बाहेर. गाडी नुसती उभी राहून फटफटत असते तेव्हा इंजिनाचे मिनिटाला सुमारे १४०० फेरे होत असतात, म्हणजे मिनिटाला ७०० स्फोट. निकोलाउस ऑटोने १८७६ साली जे चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं, तेच हे. एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. आपण पैसे पेट्रोलचे मोजतो, पण गाडी मुख्यतः हवेवर चालते.

थोडं इथे रेंगाळा. पेट्रोल, हवा, दाब, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. रोज सकाळी या चार गोष्टी आपल्या नकळत एकत्र येत होत्या. आज त्यांतली एक आलेली नाही. सहसा एकच. तुम्हाला सबंध गाडी दुरुस्त करायची नाहीये, न आलेली गोष्ट कोणती ते ओळखायचं आहे.

आता ऐका. किल्ली फिरवा, हॉर्न वाजवून पाहा. हेडलाइटवर विसंबू नका. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट बंद करता येत नाही आणि बहुतेक गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. हॉर्न नेहमीसारखा खणखणीत आला की बॅटरीत जीव आहे. घोगरा, मेलेला आला तर उत्तर बरंचसं मिळालं. मग एकदाच सेल्फ दाबा, आणि या वेळी गाडी सुरू व्हावी म्हणून नव्हे, आवाज ऐकण्यासाठी दाबा. हा फरक मनात नीट रुजू द्या. सुरू व्हावी या आशेने दाबलं की आपण फक्त 'झाली' किंवा 'नाही झाली' एवढंच ऐकतो. ऐकण्यासाठी दाबलं की गाडी बरंच काही सांगते.

काहीच आवाज नाही, साधी टकही नाही: करंट मोटरपर्यंत निघालेलाच नाही. आधी लाल किल स्विच बघा. पार्किंगमध्ये खेळणारी मुलं तो हमखास दाबतात, आणि तो बंद असताना तासभर किक मारणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत. मग साइड स्टँड. अनेक नव्या गाड्यांत तो खाली असला तर इंजिन सुरू होत नाही. गाडी गिअरमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का. मग बॅटरीजवळची फ्यूजची डबी. फ्यूज उजेडासमोर धरला की आतली तार अखंड आहे की तुटली आहे ते दिसतं. तुटलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तिथे चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणं म्हणजे वायरिंगला आग लावायची तयारी आहे.

टक-टक-टक असा आवाज: रिले ओढतोय, पण मोटर फिरवायला ताकद पुरत नाही. इथे लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. सीट उघडा, बॅटरीची टर्मिनल्स बोटाने हलवून बघा. पावसाळ्यात त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते आणि स्क्रू ढिले पडतात. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा. मीटर असेल तर व्होल्ट मोजा. भरलेली बॅटरी शांत असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बाराच्या खाली गेली असेल तर ती रिकामीच आहे. अशा वेळी कार्बोरेटरची गाडी किकवर घेता येते, किंवा दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्क्यावर. अनेक नव्या मॉडेलांतून कंपन्यांनी किक काढून टाकली आहे. माझ्या मते हे चुकलं. बॅटरी गेलेल्या माणसाला किक हा स्वतःच्या पायावर घरी पोचायचा मार्ग होता.

आणि तिसरा आवाज: मोटर जोरात फिरतेय, इंजिन गरगर फिरतंय, पण पेट घेत नाही. तर बॅटरीचा विचार मनातून काढून टाका. दाब बहुतेक ठीक आहे. आता पेट्रोल, हवा किंवा ठिणगी.

इथे नाकाचं काम आहे. वाका, इंजिनजवळ वास घ्या. इतका वेळ सेल्फ मारूनही पेट्रोलचा जराही वास नसेल, तर ते आत पोचतच नाहीये. टाकीचं झाकण उघडा आणि गाडी हलवून आत डोळ्यांनी बघा. काट्याच्या भरवशावर राहू नका. पेट्रोल कॉक चालू आहे का, रिझर्व्हला लागली आहे का, बघा. झाकण उघडताना फुस्स असा आवाज झाला तर झाकणाचं हवेचं बारीक छिद्र बुजलं असेल. पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते, ती आली नाही की टाकीत ओढ निर्माण होते आणि धार थांबते. ही गाडी चार-पाच किलोमीटर गेल्यावर बंद पडते, थोडी उभी केली की पुन्हा चालते आणि माणसाला वेड लावते. उलट, वास भपकन येत असेल तर ओव्हरफ्लो झालंय. चोक बंद करा, दहा मिनिटं गाडीला हात लावू नका. मग ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि किक मारा, म्हणजे साचलेलं पेट्रोल हवेसोबत बाहेर पडेल. त्या दहा मिनिटांत काहीही करायचं नाही, हे दुरुस्तीचं सर्वांत अवघड काम आहे. पागोळ्या गळताना बघत बसा.

आता प्लग. मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं ते हे काम, आणि ते सावकाश करू. इंजिन गार आहे ना, बघा. प्लगची कॅप सरळ ओढून काढा, वायरला धरून नव्हे. कॅपच्या आत बोट घालून पाहा, ओल लागते का. पावसाळ्यातल्या न सुरू होणाऱ्या गाड्यांचं हे एक फार मोठं कारण आहे. प्लगपर्यंत येणारा करंट हजारो व्होल्टचा असतो, आणि एवढा दाब असला की ओल्या रबरावरूनही तो इंजिनच्या धातूकडे पळून जातो. दोन टोकांमधली हवा फोडून ठिणगी पाडण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून जाणं त्याला सोपं. अंधाऱ्या जागी गाडी लावून कोणी किक मारली तर भेगा पडलेल्या वायरीवरून निळ्या रेषा सरपटताना दिसतात. कॅप आणि वायर कोरड्या फडक्याने पुसली आणि गाडी सुरू झाली, असं अनेकदा होतं.

नाही झाली तर पुढे. प्लग काढण्याआधी त्याच्या मुळाशी साचलेली माती फुंकून, ब्रशने झाडून टाका. प्लग निघाला की तीच माती सिलिंडरमध्ये पडते. पाना नीट बसवा, डावीकडे फिरवा, शेवटचे आटे हाताने सोडवा. प्लग तळहातावर घ्या आणि उजेडाकडे तोंड करून उभे राहा.

त्याचं टोक बघा. गेल्या कित्येक दिवसांचा हिशेब त्यावर लिहिलेला असतो. फिका तपकिरी असेल तर इंजिन आतून निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी; एअर फिल्टर उघडून बघा, तो धुळीने कोंदलेला किंवा पावसाने भिजलेला असेल. पांढराफटक असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापतंय. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. ओला आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगांपर्यंत किंवा व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत प्रकरण गेलंय, ते फिटरकडेच.

आपल्या वडीलधाऱ्या पिढीला हे वाचन येत होतं. १९७२ साली चेतक स्कूटर आली, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, आणि टू-स्ट्रोक इंजिनात तेच ऑइल जळून प्लगवर कार्बन धरे. स्कूटरवाल्याच्या डिकीत जास्तीचा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. पेट्रोल तळाला गेलं की स्कूटर एका बाजूला कलंडवायची आणि मग किक मारायची, हे तर शाळकरी पोरांनाही माहीत होतं. ती माणसं इंजिनिअर नव्हती. कारकून होती, शिक्षक होते, दूधवाले होते. गाडी रोज थोडी तरी बंद पडायची, म्हणून तिच्याशी ओळख राहायची. आज गाड्या चांगल्या झाल्या, क्वचित बंद पडतात, आणि बंद पडल्या की आपण अगदी परके होऊन उभे राहतो. गाड्या चांगल्या झाल्या हे उत्तमच झालं. ओळख मात्र ठेवायला हवी होती.

ठिणगी तपासायची तर प्लग पुसून पुन्हा कॅपमध्ये बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, सिलिंडरच्या उघड्या भोकापासून लांब. भोकावर फडकं टाका. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटू शकते. प्लग नुसत्या हातात धरू नका. कॅप लोंबकळती ठेवून किकही मारू नका, त्याने सीडीआय युनिट जाऊ शकतं. आता सावलीत, प्लगकडे नजर लावून, एक किक. निळी, चटकन आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट आहे. पिवळट, मलूल दिसली किंवा दिसलीच नाही तर नवा प्लग लावून पुन्हा बघा. नव्यालाही नसेल तर दोष मागे आहे, कॉइलमध्ये किंवा वायरिंगमध्ये. उंदीर वायर कुरतडतात, विशेषतः बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची, तेही बघा. प्लग परत लावताना आधी बोटांनी फिरवत पार आत बसवा आणि मगच पाना लावा. नवा असेल तर टेकल्यावर सुमारे अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहून बराच कमी. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं. आटे गेले की हजारो रुपये जातात.

ठिणगी चांगली, पेट्रोल भरपूर, तरी धरत नाही? मग त्या पेट्रोलकडेच बघू. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. खाली काचेची स्वच्छ बाटली धरा, स्क्रू ढिला करा, कप रिकामा होऊ द्या, आणि बाटली सपाट जागी ठेवून शांत बसा. आसपास विडी-सिगारेट नको. पाणी असेल तर ते तळाशी जाऊन वेगळं दिसू लागतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं, पण प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉल घेऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटर तर तळाचंच ओढतो. पावसाळ्यात उघड्यावर उभी असणारी गाडी महिनाभर न वापरता ठेवू नये, हे त्याचं कारण.

बीएस ६ ची, एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल तर सहसा कार्बोरेटर नसतो, इंजेक्शन असतं. किल्ली फिरवल्यावर टाकीला कान लावा. पेट्रोल पंप दोन सेकंद झूंऽ करून थांबला पाहिजे. झूं आलाच नाही तर फ्यूज किंवा पंप. इंजिनचा पिवळा दिवा किल्ली फिरवल्यावर लागणं बरोबर आहे, पण गाडी सुरू झाल्यावरही तो राहिला तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जावं. डिझेलच्या ट्रॅक्टरवाल्याला हे सगळं ऐकून हसू येईल, तिथे ठिणगीच नाही. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये एअर धरते. हाताच्या पंपाने पंप करत स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढायची, की झालं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. गाडी पुरात उभी होती का? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर माणूस पहिलं काय करतो? किल्ली फिरवतो. तेवढं करू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही शेकड्यांत निभावलं असतं ते इंजिन पुरतं उघडावं लागतं. बॅटरी सोडवा, ऑइल तपासा. ते दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेलंय. गाडी ढकलतच फिटरकडे न्या.

या सगळ्यात एक शिस्त पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग थांबा, मग तपासा. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, फिल्टर काढला आणि गाडी सुरू झाली, तर ती कशाने सुरू झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तिथेच उभी राहील. शेजारचे काका येतील, चोक ओढ म्हणतील. दूध घेऊन जाणारा थांबेल, "धक्का मारू का?" विचारेल. त्यांचं ऐका, आभार माना, आपल्याकडे अनोळखी माणूसही बंद गाडीपाशी थांबतो ही मोठीच गोष्ट आहे. पण हातातलं पाऊल पुरं झाल्याशिवाय पुढचं उचलू नका.

आणि अखेर फिटरकडे जावंच लागलं तर त्याला फक्त "गाडी बंद पडली" एवढं सांगू नका. हॉर्न वाजतो, इंजिन फिरतं, प्लग ओला आहे, ठिणगी निळी आहे, आठ दिवस पावसात उभी होती, असं सांगा. तो मान वर करून तुमच्याकडे नीट बघेल आणि नेमक्या जागी हात घालेल. त्याचा तास वाचतो, तुमचे न लागणारे पार्ट वाचतात. आणि एक करा: पाऊस सुरू व्हायच्या आत प्लगचा पाना, एक नवा प्लग, दोन फ्यूज आणि कोरडं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सीटखाली ठेवून द्या.